अंगठ्याला चार ताटं

आमच्या झुंबरतात्यांची नक्कल करायला फार काही लागत नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, फोन हातभर लांब धरायचा, हनुवटी गळ्यात रुतवायची आणि पलीकडच्या वावरात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचं, "हॅलोऽऽ! आवाज येतोय का? मला तुझा येतोय! तुला माझा येतोय का?" एवढं केलं की निफाडच्या बाजारपेठेत कुणीही सांगेल, हे ठिबकच्या नळ्या विकणारे झुंबरतात्या.

पण ही नक्कल अलीकडची. जुने तात्या वेगळे होते आणि त्यांची नक्कल करायची तर बुडाखाली एम-एटी गाडी लागायची.

तात्यांचं मूळ गाव सायखेडा. सगळी भावकी अजून तिथंच. भावकीत लग्न कुणाचंही असो, पत्रिका वाटायला तात्याच. हँडलला पिशवी, पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा आणि कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी. दारात गाडी बंदसुद्धा करायचे नाहीत. "ओ वहिनीऽ! चहा नको, पाणी नको, अजून अर्धं गाव राहिलंय!" असं म्हणत म्हणत दोन कप चहा पिऊनच उठायचे. आणि निघताना उंबऱ्यात थांबून खरं वाक्य टाकायचे, "चूलबंद हाय बरं का!"

आमच्याकडं आमंत्रण दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे घरातून एकानं यावं, अक्षता टाकाव्या, जेवावं आणि जावं. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारं, तान्हं, आलेला पाहुणा, रुसून बसलेला जावई, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. तात्या 'चूलबंद' हा शब्द अशा काही आवाजात म्हणायचे की ऐकणाऱ्याला जागेवर भूक लागायची.

एक घर मात्र पत्रिकेवर भागायचं नाही. तात्यांची थोरली बहीण कुसाबाई. दिलेली गावातल्या गावात, माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडं. तरी माहेरच्या एकाही कार्याला ती मुराळ्याशिवाय आलेली नाही. सासरी गेलेल्या लेकीला न्यायला माहेरचा माणूस आला पाहिजे, तो मुराळी. मग तात्या दोन गल्ल्यांसाठी एम-एटी घेऊन मुराळी जायचे. कुसाबाई पिशवी मांडीवर घेऊन मागं बसायची, गाडी धड दुसऱ्या गिअरमध्ये पडायच्या आत माहेर यायचं, आणि उतरताना ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "दमले बाई प्रवासानं."

हे सगळं मोबाइल यायच्या आधीचं.

मोबाइल आणला हर्षालीनं, तात्यांच्या मुलीनं. नाशिकला नोकरी लागल्यावर तिनं हौसेनं वडिलांना घेऊन दिला आणि बघता बघता तात्या 'एकजूट भावकी परिवार' या ग्रुपचे अ‍ॅडमिन झाले. 'अ‍ॅडमिन' हा शब्द ते 'तहसीलदार'च्या चालीवर म्हणतात.

गोदाकाठी सूर्य उगवायच्या आधी ग्रुपवर तात्यांचा सूर्य उगवतो. सोबत गुलाब, चहाचा कप, कपातून वाफ आणि खाली एक सुविचार, जो आजवर कुणी वाचलेला नाही, तात्यांनीही नाही. मग कारल्याच्या रसानं परदेशातले डॉक्टर कसे हादरले ते येतं. मग 'ही माहिती लपवली जात आहे' असं सांगणारी माहिती येते, जी दिवसातून सहा जणांकडून येते, म्हणजे लपवणारे भलतेच ढिले असणार. भावकीत असे दोन सख्खे भाऊ आहेत की बांधावरून एकमेकांशी बोलत नाहीत, समोर आले तर माना फिरवतात. तेच दोघं ग्रुपवर एकमेकांना रोज सकाळी गुलाब देतात. 'एकजूट' म्हणतात ती हीच.

आणि या ग्रुपचा आत्मा म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ नाथाकाका. त्यांना लिहिता येतं, पण ते लिहीत नाहीत. ते अंगठा टाकतात. कुणाला मुलगा झाला, अंगठा. कुणाची म्हैस मेली, अंगठा. कुणाचे वडील गेले, तिथंही अंगठा. त्यावरून ग्रुपवर केवढं तरी भांडण झालं, तर त्या भांडणालाही नाथाकाकांचा अंगठा. जाब विचारला की शांतपणे सांगतात, "पाहिलं म्हणून टाकला. पाहिलं नाय असं कसं म्हणू?" हळूहळू सगळ्या भावकीला हे सोयीचं वाटलं. आता तात्यांनी काहीही टाकलं की खाली अंगठ्यांची रांग लागते.

तात्यांनी एम-एटी विकून टाकली ती याच दिवसांत. घेतली वाळू आचाऱ्यानं. "आता गाडी कशाला?" तात्या छातीच्या खिशावर थाप मारून त्याला म्हणाले, "सगळं गाव इथं आलंय."

आणि मग हर्षालीचं लग्न ठरलं. मुलगा सटाण्याकडचा, अमोल नावाचा, शांत. सायखेडा फाट्याजवळचं लॉन्स ठरलं. सगुणाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, विचारलं, "पत्रिका कधी छापायच्या?"

"छापायच्या नाय. सोडायच्या."

"सोडायच्या? कुठं?"

"ग्रुपवर. व्हिडिओ पत्रिका. रविराज बनवतोय."

रविराज म्हणजे आमच्या भागातली सगळी लग्नं लाईव्ह दाखवणारा गडी. त्याची नक्कल सोपी. प्रत्येक वाक्य 'टेन्शन' शब्दानं सुरू करायचं. "टेन्शनच नाही घ्यायचं तात्या! ड्रोन, एलईडी, लाईव्ह, फुल पॅकेज!" त्यानं केलेल्या पत्रिकेत आधी दोन हत्ती आले, त्यांनी सोंडेनं पडदा उघडला, मग ढगांतून हर्षाली आणि अमोल खाली उतरले, तुताऱ्या वाजल्या, पाकळ्या पडल्या. शेवटी सोनेरी अक्षरं, "आपली उपस्थिती हाच आमचा आनंद." आणि त्याच्याखाली लाल अक्षरं, फुगणारी आणि आकसणारी, "लिंक दाबा! घरबसल्या सोहळ्याचा आनंद घ्या!"

सगुणाकाकूंनी ती दोनदा पाहिली. "अहो, वर म्हणता या, खाली म्हणता घरी बसा. माणसानं करायचं काय?"

"ते परगावच्यांसाठी."

"तसं लिहिलंय का?"

"समजतं माणसाला."

"आणि हे चूलबंद हाय का घरटी एक?"

इथं तात्या जरा अडखळले. हत्ती, तुताऱ्या, ढग सगळं होतं, ते तेवढं नव्हतं. "ग्रुपला टाकलं म्हणजे सगळ्यांना आलंच की," ते म्हणाले.

"कुसाबाईंकडं बटणाचा फोन हाय."

"सुनेच्या फोनवर दिसेल."

"आणि मुराळी?"

"लोकेशन पाठवलंय!"

सगुणाकाकूंनी आपल्या माहेरच्यांना मात्र एकेकाला स्वतः फोन करून बोलावून घेतलं.

ग्रुपवर पत्रिका पडली आणि अंगठे यायला लागले. पहिला अर्थातच नाथाकाकांचा. तात्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना दाखवायचे, "हे बघ. अजून येताय. थांबतच नाय!" वाळू आचारी विचारायला आला, "तात्या, माणसं किती धरू?"

"अंगठ्याला चार ताटं धर."

"अंगठ्याला?"

"एक अंगठा म्हणजे एक घर. घरातून चार माणसं येतीलच."

वाळूनं डोकं खाजवलं. "अंगठ्यानं येतो म्हणून सांगितलंय का?"

"अरे, अंगठा म्हणजे होकार!"

नाथाकाकांचा अंगठा मेलेल्या म्हशीवरही पडतो हे तात्यांना पाठ होतं. तात्या स्वतः दुसऱ्यांच्या पत्रिकांना न उघडता अंगठे द्यायचे. पण घरच्या कार्यात माणसाचं असं होतं, ते त्याच अंगठ्यांना पंगतीला बसवून मोकळे झाले.

लग्नाच्या दिवशी लॉन्सवर गेलो तर कमान फुलांची, खुर्च्यांना लाल कपडे, वाळूच्या कढयांतून बुंदीचा वास. वऱ्हाड आलं ते दोन बस भरून. त्यांची बाजू गच्च भरली. आमच्या बाजूला पुढच्या दोन ओळींत सगुणाकाकूंच्या माहेरची माणसं आणि त्यामागं लाल खुर्च्याच खुर्च्या, थेट पार्किंगपर्यंत. एका खुर्चीवर कुत्रं बसलं होतं. तेवढंच भावकीतलं.

"येतील," तात्या फेटा सावरत म्हणायचे. "आपल्या लोकांना टायमाची सवय नाय."

तेवढ्यात स्टेजशेजारचा भलामोठा एलईडी पेटला आणि रविराजनं माइक घेतला. "टेन्शनच नाही घ्यायचं! लोकं नुसती तुटून पडलीत! सगळं सायखेडा लाईव्ह! चला, कमेंट घेऊ. नाथाकाकांकडून... अंगठा! धन्यवाद काका! सरितावहिनी म्हणतात, 'मांडव लय भारी, आमच्या अक्षता पडल्या समजा.' धन्यवाद वहिनी! आणखी एक सरितावहिनींचीच, 'जरा आवाज वाढवा, कुकरच्या शिट्टीत ऐकू येईना.'"

सरितावहिनी म्हणजे नाथाकाकांची बायको. कुकरची शिट्टी ऐकली आणि तात्यांचा चेहरा असा झाला, जसा कुणी मांडवाचा खांब काढावा. कुकर लागला म्हणजे चूल पेटली. भावकीतल्या पहिल्या घरातच चूल पेटली. म्हणजे कुणीच निघालेलं नाही.

नेमके तेव्हाच व्याही आले. त्यांची बोली अहिराणी आणि टोमणा मारताना ती जास्तच गोड होते. "काय व्याही, आम्ही दोन गाड्या भरीसन उनूत. तुमना मानसे कोठे शेतस?"

तुमची माणसं कुठं आहेत, असं विचारल्यावर तात्यांनी एलईडीकडं बोट दाखवलं. "ते काय, तिथं."

व्याह्यांनी एलईडीकडं बघितलं, मग रिकाम्या खुर्च्यांकडं, मग कुत्र्याकडं. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून खुसखुसल्या. ज्या मुलीच्या लग्नाला तिची भावकी येत नाही, त्या मुलीला सासरी पुढं काय काय ऐकावं लागतं ते मांडवातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, आणि तात्यांनाही.

आतून निरोप आला, हर्षाली बोलावतेय. ती शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसली होती.

"पप्पा, आत्या कुठंय?"

"असेल ना... लाईव्हला असेल."

"लाईव्हला?" हर्षाली उठूनच उभी राहिली. "माझं नाव आत्यानं ठेवलं पप्पा. पाळण्यात वाकून कानात सांगितलं. लिंक पाठवली नव्हती. ती आल्याशिवाय मी स्टेजवर चढायची नाही."

"अगं, मुहूर्त..."

"तुम्ही बघा."

मुहूर्ताची तशी चिंता नव्हती. नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, पुढं डीजे, डीजेपुढं नाचणारे मित्र. आमच्याकडं नवरदेव मारुतीला गेला की मुहूर्त त्याच्या मागं मागं जातो, आणि दोघंही सावकाश परत येतात.

तात्या तरातरा भटारखान्यात गेले. "वाळू, किल्ली दे."

"कशाची?"

"माझ्या गाडीची."

"माझ्या गाडीची," वाळू म्हणाला, पण किल्ली दिली.

नवरीचा बाप फेट्यानिशी एम-एटीला किक मारतोय हे बघून रविराज कॅमेऱ्याचा फोन घेऊन धावला. "तात्या थांबा! लाईव्ह तुटेल!" आणि उडी मारून मागं बसला. पुढचं सगळं आम्ही एलईडीवर पाहिलं. वऱ्हाडानंही पाहिलं. आधी बराच वेळ नुसता फेट्याचा शेमला फडफडताना दिसला, मग उसाची पिकं, मग गोदावरीचा पूल, मग सायखेड्याची वेस आणि नाथाकाकांचं अंगण. अंगणात बाजेवर बनियनवर बसलेले नाथाकाका, हातात फोन, नजर फोनमध्ये.

"नाथा!"

नाथाकाकांनी मान वर केली नाही. "थांब रे. तात्या पुलावर हाय."

"नाथा, मी दारात हाय!"

"इथं अजून पुलावर दिसतोय," नाथाकाका म्हणाले. लाईव्ह जरा मागून चालतं ना. शेवटी फोनमधले तात्या अंगणात शिरले तेव्हा कुठं काका दचकून उभे राहिले. "अगं सरिता! हे तर आपलंच दार!"

सरितावहिनी आतून झारा घेऊन आल्या. "तात्या, तुम्ही? आणि लग्न?"

"तुम्ही कामून आला नाय?"

"तुम्हीच लिहिलं ना घरबसल्या! आम्ही म्हटलं, ताटं मोजकी असतील. हे तर म्हणाले, तात्यानं एवढं लाल अक्षरात लिहिलंय, मान ठेवला पाहिजे."

म्हणजे अख्खी भावकी तात्यांचा मान ठेवून घरी बसली होती.

तात्यांनी डोळे मिटले. उघडले. उंबऱ्याशी गेले आणि जुना आवाज लावला. एलईडीच्या स्पीकरला तो पेलला नाही, खर्रर्र झालं. "चूलबंद हाय! गॅस बंद करा, पोरं उचला, निघा!"

मग गल्लीत. "चूलबंद हायऽऽ!" दारं उघडायला लागली. एका दारातून म्हातारा, एका दारातून ओल्या केसांची पोरगी, एका दारातून अर्धी दाढी केलेला माणूस. बांधावरून न बोलणारे ते दोघं भाऊ एकाच वेळी दोन दारांतून बाहेर आले आणि गुलाब द्यायची सवय लागल्यामुळं एकमेकांकडं बघून चुकून हसले. मग आठवलं, माना फिरवल्या.

दोन गल्ल्या पुढं कुसाबाई ओट्यावर बसली होती. ठेवणीतलं नऊवारी, कपाळभर कुंकू, मांडीवर पिशवी. आतून सून हाका मारत होती, "आत्या, या ना, मामा दिसताय फोनमध्ये." कुसाबाई तिकडं बघत नव्हती. रस्त्याकडं बघत होती. सकाळपासून बघत असावी, कारण शेजारी ठेवलेल्या चहावर जाड साय धरली होती.

एम-एटी थांबली.

"कोण? झुंबर का?" कुसाबाई म्हणाली. "मला वाटलं, फोनातच राहतोस आता."

"आक्का, लोकेशन पाठवलं होतं..."

"ते कुणाकडं आलं, मला काय माहीत. माझ्याकडं कुणी आलं नाय."

तात्या पाया पडायला वाकले तसा फेटा सुटून ओट्यावर पसरला. त्यानंतर दोघं काय बोलले ते मांडवात ऐकू आलं नाही, गाडी चालूच होती आणि रविराजनं, कोण जाणे काय सुचलं त्याला, फोन जमिनीकडं फिरवला होता. नुसती माती दिसत होती आणि कुसाबाईच्या चपला. मग त्या चपला उठल्या. कुसाबाईचा आवाज आला, "ही गाडी विकली होतीस ना?"

"वाळूची हाय. आजच्यापुरती."

"मग सावकाश चालव. परक्याची हाय."

नवरदेव मारुतीहून परतला तेव्हा फाट्यावर ही गर्दी. पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत फोन धरून उभा रविराज, मोटारसायकलवर चार-चार जण, आणि सगळ्यांपुढं बिनफेट्याचे तात्या नि मागं कुसाबाई. ती उतरली, कंबरेवर हात ठेवला, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "दमले बाई प्रवासानं." मग सरळ आत हर्षालीकडं गेली. बाहेर येताना दोघींचे डोळे लाल होते आणि हर्षालीच्या गालावर कुसाबाईच्या कुंकवाचा डाग होता.

लाल खुर्च्या भरल्या. कुत्र्याला उठावं लागलं. व्याही नवरदेवाला घ्यायला फाटकापर्यंत जाऊन आले तर त्यांची स्वतःची खुर्ची गेलेली. तिथं अर्धी दाढी केलेला माणूस बसला होता. "व्याही," ते तात्यांना म्हणाले, आणि आता आवाजात खोच नव्हती, "आते आम्ही कोठे बसूत?"

अंतरपाट धरला. मंगलाष्टक सुरू झालं आणि सगळ्या भावकीचे हात एकदम वर गेले, प्रत्येक हातात फोन. मागं उभ्या कुसाबाईला फोनांच्या पाठी सोडून काही दिसेना. "खाली घ्या रे ते!" ती खेकसली. "पोरगी दिसंना!" सगळे हात खाली. एक अख्खं मंगलाष्टक लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याला एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळेच.

नाथाकाका मात्र पहिल्या ओळीत बसून मान खाली घालून लग्न फोनवरच बघत होते. समोर हार घालून झाले, टाळ्या झाल्या, नवरानवरी खुर्चीवर टेकली, आणि त्यानंतर काकांनी उठून शेवटच्या अक्षता टाकल्या, कारण त्यांच्या फोनमध्ये आत्ता कुठं 'शुभमंगल सावधान' झालं होतं. एक दाणा भटजींच्या कानात गेला.

भटारखान्यात वेगळीच गडबड. तात्यांचा हिशेब आता उलट्या बाजूनं चुकला होता. अंगठ्याला चार ताटं धरली होती. पण चूलबंद म्हटल्यावर अंगठ्याला सात माणसं आली. वाळूनं भाताचं दुसरं आंधण ठेवलं. सरितावहिनींनी तर घरचा कुकर तसाच आणला होता. "वाया कशाला घालवायचा?" वाळूनं झाकण काढून वास घेतला आणि तोही पातेल्यात रिकामा केला.

तात्या मठ्ठ्याची बादली उचलून पंगतीकडं निघाले तोच छातीच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी बादली ठेवली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, फोन हातभर लांब धरला. नाथाकाकांचा अंगठा. नाथाकाका दोन खुर्च्या पलीकडं बसले होते.

"नाथा," तात्या म्हणाले, "तो अंगठा इकडं आण."

"काय झालं? पाहिलं म्हणून टाकला."

"आण तर खरं."

काकांनी हात पुढं केला. तात्यांनी फोन त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि त्या हातात बादलीची कडी दिली.

"धर. पहिली पंगत तुझी."

नाथाकाकांनी बादली बघितली, भरलेली पंगत बघितली, बाह्या सारल्या आणि एवढ्या वर्षांत ग्रुपवर जे कधी लिहिलं नव्हतं तेवढं सगळं एका दमात ओरडले, "मठ्ठाऽ! मठ्ठा घ्या मठ्ठा! ओ पाहुणे, हात काढा वाटीवरून, लाजताय काय, घरचंच हाय!"